रबाळ्याची हळद आणि साडेबारा टक्क्यांचा हिशेब

एप्रिल-मे महिन्यांत ठाणे-बेलापूर रस्त्याने रात्री जाणाऱ्याला रबाळे, गोठिवली, तळवली, घणसोली या गावठाणांजवळ बेंजोचा आवाज हमखास गाठतो. गल्लीच्या तोंडाशी रोषणाईची कमान असते, कमानीवर नवरदेवाचा पुरुषभर उंचीचा फलक असतो आणि फलकावर शुभेच्छुकांच्या नावांची रांग असते. आत हळद चालू असते. लग्न उद्याचे असले तरी खरा सोहळा आजचाच. कधी पाचशे पाने उठतात, कधी पाच हजार.

शेजारच्या नोडमधल्या इमारतींच्या गॅलरीत या वेळी एक वाक्य हमखास उच्चारले जाते : "जमिनीचा पैसा आला आणि डोकी फिरली." या धाग्याचा विषय हे वाक्य आहे. ते खरे की खोटे हे पाहण्याआधी त्याचे वय पाहू. नवी मुंबईपेक्षा ते किमान शंभर वर्षांनी जुने आहे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. हिंदुस्थानच्या कापसाचा भाव कडाडला. मुंबईत शेअर्सचे वेड पसरले, बॅका आणि भरावाच्या कंपन्या पावसाळ्यातल्या अळंब्यांसारख्या उगवल्या. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि सारा डोलारा कोसळला. प्रेमचंद रायचंदसारख्या बाजाराच्या राजाचेही दिवाळे निघाले. या तेजीच्या चार वर्षांबद्दल त्या काळच्या इंग्रजी लेखनात एक गोष्ट पुनःपुन्हा भेटते. ती म्हणजे कापूसवाल्या शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याची. अशा गाड्या प्रत्यक्ष किती धावल्या, हा प्रश्न गौण आहे. गोष्ट कुणाबद्दल सांगितली गेली ते महत्त्वाचे. मलबार हिलवर बंगले उठवणाऱ्या शेठजींची हौस ही 'भरभराट' ठरली आणि शेतकऱ्याच्या चाकावरची चांदी ही 'उधळपट्टी'.

भाव पडले, पण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत वाढलेला शेतसारा खाली आला नाही. कर्जे थकली. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला चढवला. तिथून पसरलेल्या दंग्यात लोकांचा मुख्य रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जखते हिसकावून त्यांची होळी करण्यात आली. सरकारने चौकशीसाठी 'डेक्कन रायट्स कमिशन' नेमले. शेतकरी कर्जबाजारी का झाला, या प्रश्नाचे एक तयार उत्तर तेव्हा कचेऱ्यांत आणि शहरी सभांत फिरत होते. लग्नात उधळतो म्हणून.

आता गंमत पाहावी. सरकारनेच नेमलेल्या या कमिशनने ते उत्तर मान्य केले नाही. लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे, असे त्याचे मत पडले. शेतकऱ्याच्या ऐपतीशी ताडून पाहता हा खर्च जास्त असेलही, पण असे प्रसंग क्वचित येतात. धान्य, बियाणे, बैल आणि सरकारी सारा यांसाठी वारंवार काढलेली छोटी कर्जेच त्याला अधिक बुडवतात, असा त्या निरीक्षणाचा मथितार्थ होता. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा शेतकऱ्याच्या दैन्याचा शोध त्यांनीही सारा, पाटबंधारे, कोर्टकचेऱ्या आणि कामगारशाही यांत घेतला. मात्र याच फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात भटजीविना, अत्यल्प खर्चात पहिला विवाह लावला होता. म्हणजे लग्नातला खर्च कमी करावा हे त्यांना मान्य होते, पण तो खर्च हेच दारिद्र्याचे मूळ आहे ही थाप त्यांना मान्य नव्हती. रबाळ्याकडे येताना हा फरक सोबत ठेवलेला बरा.

रबाळे हे आगरी-कोळ्यांचे गाव. 'आगर' म्हणजे मिठागर, त्यावरून 'आगरी' हे नाव आल्याचे मानले जाते. पूर्वेला पारसिकची डोंगररांग, पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि मधल्या पट्ट्यात भाताची शेती, मिठागरे आणि मासेमारी. खाडीकाठच्या खाजणात भात पिकवायचे तर आधी समुद्राला बाहेर ठेवावे लागते. त्यासाठी मातीचे बांध घालायचे, भरतीने खांडे पडली की रात्री-अपरात्री साऱ्या गावाने धावून ती बुजवायची. एका शेताचा बांध फुटला तर खारे पाणी शेजारच्या शेतालाही मारते. म्हणून खारेपाटात कुणी एकटा शेतकरी असूच शकत नाही. 'गावकी' हा शब्द तिथे भावनेतून आलेला नाही, चिखलातून आलेला आहे.

यांतली बरीच जमीन कसणाऱ्याच्या नावावर नव्हती. ठाणे-कुलाबा किनाऱ्यावर खोत, इनामदार आणि सावकार यांचे वर्चस्व होते. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली कुळांनी जमीन कसायचे थांबवले आणि तो संप सुमारे सहा वर्षे चालला. जमीन न पेरता, जंगलातली लाकडे विकून लोक जगले. स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या 'कृषक दिनी' कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली. किंमत ठरवून वार्षिक हप्त्यांनी ती फेडायची होती.

हा मालकीहक्क किती टिकला? १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि रस्त्याच्या पूर्वेचा, डोंगराच्या बाजूचा पट्टा कारखान्यांसाठी जाऊ लागला. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या एकूण ९५ गावांची, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन नव्या शहराच्या आराखड्यात आली. कसणाऱ्याला मालक करणारा कायदा आणि त्याच मालकाची जमीन घेणारी अधिसूचना यांत जेमतेम तेरा वर्षांचे अंतर आहे. ज्यांचे हप्ते लांबले होते, त्यांच्या हाती मालकीचा आनंद आणि संपादनाची नोटीस एकापाठोपाठ पडली.

शहराचा आराखडा आखणाऱ्यांत चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांची नावे आहेत. शहर सुंदर व्हावे, मुंबईचा भार हलका व्हावा, ही त्यांची तळमळ प्रामाणिक होती. तरी नकाशावर गावठाणे छोट्या बेटांसारखी उरली. भोवतीच्या जमिनीला शहराचा भाव आला, पण मूळ मालकाला मिळालेला भाव शेतीचा होता.

भरपाईच्या त्या पहिल्या पैशातून कुणाची श्रीमंती उभी राहिली नाही. श्रीमंतीचा प्रश्न उभा राहिला तो संघर्षानंतर. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई आणि परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. 'जमीन घेता तर विकसित जमिनीतला वाटाही द्या' हे तत्त्व या आंदोलनाने राज्याच्या गळी उतरवले. त्यातून १९९० मध्ये साडेबारा टक्के योजना आली आणि १९९४ मध्ये ती सुधारून राबवली गेली. भूसंपादनाच्या भारतीय इतिहासात हे मोठे पाऊल होते आणि नवी मुंबईच्या तरुणांना ते पाठ्यपुस्तकात भेटत नाही, याची खंत वाटावी.

आता हिशेब. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्याचे साडेबारा टक्के ५०६ चौरस मीटर. त्यातले पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा होतात आणि हाती पावणेनऊ टक्के, म्हणजे सुमारे ३५४ चौरस मीटर राहतात. बापाच्या मागे चार भाऊ असतील तर प्रत्येकी ८८. दीड चटईक्षेत्र निर्देशांक मिळतो, काही भाग दुकानांसाठी वापरता येतो, पण ८८ मीटरांत कुणी इमारत उठवत नाही आणि चौघांनी मिळून उठवायची तर भांडवल कुठून आणायचे? म्हणून बहुतेक वाटा एकाच दिशेने गेल्या : विकासकाशी व्यवहार, सिडकोसह त्रिपक्षीय करार, बदल्यात काही सदनिका आणि रोख. अनेकांनी तर भूखंड प्रत्यक्ष हाती येण्याआधीच हक्क विकला, कारण वाट पाहण्याची ऐपत हीसुद्धा एक ऐपतच असते.

'डोकी फिरली' म्हणणारे इथे एक गोष्ट विसरतात. शेत दर वर्षी थोडे देते, भूखंडाचा व्यवहार एकदाच सगळे देतो. पिढ्यान्पिढ्या वर्षाच्या भातावर घर चालवलेल्या कुटुंबाच्या हाती एके दिवशी आयुष्यभराची रक्कम आली. ती कुठे ठेवावी हे सांगणारे कुणी नव्हते. ती कुठे खर्च करावी हे सांगणारे मात्र दारात उभे होते.

याच सुमारास सोन्याच्या बाबतीत एक योगायोग घडला. जानेवारी १९६३ मध्ये चीन युद्धानंतरच्या टंचाईत केंद्र सरकारने १४ कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यास बंदी घातली होती. हे बंधन पुढे सैल झाले, तरी १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सामान्य माणसाला सोन्याच्या लगडी-बिस्किटे बाळगायला मनाई केली. हा कायदा रद्द झाला तो १९९० मध्ये. ज्या वर्षी साडेबारा टक्क्यांचे धोरण आले, त्याच वर्षी सोन्याच्या पायांतली बेडी निघाली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. रबाळ्यासारख्या गावांत त्यांची गाठ पडली इतकेच. गळ्यातल्या गोफाची जाडी वाढायला इतके पुरले.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये आपल्या ग्रंथात दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली. संपत्ती नुसती असून भागत नाही, ती दिसावी लागते, तेव्हाच मान मिळतो. हे सूत्र रबाळ्याला लागू करणे सोपे आहे, पण तेवढ्यावर थांबणे आळशीपणाचे ठरेल. व्हेब्लेनचा धनिक ज्यांच्यासमोर मिरवतो ते अनोळखीही चालतात. आगरी हळदीतले प्रेक्षक अनोळखी नसतात. दिघ्यापासून उरणपर्यंतचे सोयरे, गावकीतली घरे, मामाचे गाव, बापाच्या बापाने ज्याच्याबरोबर बांध बुजवला त्याची नातवंडे, सगळे तिथे असतात.

गाव शेतावर उभे होते तेव्हा कुणाची किती जमीन, कुणाचा बैल किती जोरकस, कुणी बांधावर किती घाम गाळला, हे सर्वांना डोळ्यांनी दिसे. प्रतिष्ठेची वही उघडी होती. जमीन गेली आणि ती वही मिटली. बँकेच्या पासबुकातला आकडा शेजाऱ्याला दिसत नाही. मग हळदीच्या पंगतीत किती पाने उठली, छकड्याच्या शर्यतीत कुणाची जोडी आली, दारात कुठली गाडी उभी आहे, यांतून नवी वही लिहिली जाऊ लागली. शर्यतीचे बैल हे तर याचे उत्तम उदाहरण. नांगराला शेत उरले नाही तरी लाखमोलाची जोडी पाळली जाते. २०१४ च्या बंदीनंतरही ही हौस मेली नाही आणि डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिल्यावर ती दुप्पट जोमाने मैदानात आली.

आणखी एक गोष्ट गॅलरीतून दिसत नाही. नोडमध्ये आगरी माणूस बहुधा दुय्यम असतो. त्याच्या बोलीची नक्कल होते, त्याच्या गावठाणातल्या घराला 'अनधिकृत' म्हटले जाते, त्याच्या आजोबांच्या शेतावर उभ्या असलेल्या आयटी पार्कच्या फाटकावर त्याला ओळखपत्र विचारले जाते. हळदीच्या रात्री मात्र यजमान तो असतो. त्या रात्रीचा खर्च अवास्तव आहे हे खरेच. पण तो केवळ मूर्खपणा आहे असे म्हणणाऱ्याने १८७५ च्या कमिशनइतका तरी विचार केलेला नाही.

एवढे म्हटल्यावर या सोहळ्याची आरती ओवाळायची असे नव्हे. जुन्या आगरी लग्नात धवलारीण असे. धवले गात गात विधी पार पाडणारी ही बाई म्हणजे लग्नाची सूत्रधार. तिच्या गाण्याला मोल होते, पण खर्च नव्हता. डीजेच्या भिंतीपुढे तिचा आवाज ऐकू येणे शक्यच नव्हते. श्रीमंती आल्यावर लग्नातल्या बाईची जागा मोठी होईल असे वाटावे, तर ती उलट आक्रसली.

आणि हे फक्त गाण्यापुरते राहिले नाही. २२ जून १९९४ रोजी महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा दिला. केंद्राने हेच पाऊल उचलले ते थेट २००५ मध्ये, म्हणजे महाराष्ट्र अकरा वर्षे पुढे होता. पण राज्याच्या दुरुस्तीत एक अट होती : तिच्याआधी लग्न झालेल्या मुलींना हा लाभ नाही. आणि चारच महिन्यांनी, ऑक्टोबर १९९४ मध्ये, साडेबारा टक्के योजनेचा सुधारित निर्णय निघाला. जमिनीच्या तुकड्याला सोन्याचा भाव येत होता आणि त्याच वर्षी लेक कायद्याने त्या तुकड्याची वाटेकरी होत होती.

घरोघरी यावर जे उत्तर शोधले गेले त्याचे नाव 'हक्कसोडपत्र'. बहीण दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सही करते आणि भावांसाठी आपला वाटा सोडते. मोबदला लिहिलेला नसतो. "तुझ्या लग्नात काय कमी केलं?" हा प्रश्न मात्र विचारला जातो, आणि त्याचे उत्तर म्हणजे हळदीच्या रात्री सगळ्या गावासमोर अंगावर घातलेले सोने. हे सोने सर्वांनी पाहिलेले असते, म्हणून तिला पुढे काही मागता येत नाही. माहेरचे दार उघडे राहावे म्हणून ती सही करते. दिखाव्याचा हा उपयोग व्हेब्लेनच्या लक्षात आला नव्हता. इथे झगमगाट हा पावतीचे काम करतो. तोळ्यांत दिलेले आणि चौरस मीटरांत सोडलेले यांची तुलना कुणी करू नये, अशी त्या रोषणाईची सोय असते.

हिशेबाच्या बाहेर आणखी काही माणसे राहिली. साडेबारा टक्के मिळाले ते ज्याच्या नावावर जमीन संपादित झाली त्याला. दुसऱ्याच्या मिठागरावर राबणारा, तोंडी करारावर शेत कसणारा, गावची बलुती करणारा, डोंगराच्या कडेचा आदिवासी, केवळ खाडीवर पोट असलेला कोळी, यांच्या नावे सातबारा नव्हता. खाडी कारखान्यांच्या सांडपाण्याने काळी झाली तेव्हा तिची भरपाई चौरस मीटरांत मोजण्याची पद्धत कुणी शोधली नाही. ही माणसे त्याच गल्लीत राहतात. त्यांच्याही मुलांची लग्ने होतात आणि त्यांच्या मांडवाचे माप शेजारच्या मांडवावरूनच घेतले जाते. कमान तीच, बेंजो तोच, मटणाची पंगत तीच. फरक पैशाच्या उगमात असतो : एकाकडे विकासकाचा धनादेश, दुसऱ्याकडे भिशी, पतपेढी आणि सोनेतारण.

गेल्या काही वर्षांत ठाणे-रायगड पट्ट्यातल्या काही गावांनी बैठका घेऊन हळदीवर मर्यादा घालण्याचे ठराव केले आहेत. मद्य नको, डीजे नको, आहेराची देवाणघेवाण नको, अशी कलमे त्यांत असतात. असे ठराव करायला बहुधा पुढे येतात ती मधली घरे, ज्यांना मांडव घालणे परवडत नाही आणि न घालणेही परवडत नाही. मोठ्या घरांना ते मोडता येतात, दंड भरूनही.

रबाळे स्थानकावर २००४ पासून ठाणे-वाशी लोकल थांबते. पूर्वेला उतरले की औद्योगिक वसाहतीत डेटा सेंटरच्या खिडक्या नसलेल्या भिंती दिसतात, पश्चिमेला गावठाणाची अरुंद गल्ली. लग्नसराई संपून पावसाळा लागला की याच रस्त्यावरच्या सोनेतारणाच्या दुकानांत गर्दी होते. शाळांची फी भरायची असते आणि मांडववाल्याची उरलेली बाकीही. मेमध्ये गळ्यात असलेले सोने जूनमध्ये तिजोरीत जाते, काउंटरवर पावती मिळते, आणि पुढची हळद कुणाकडे आहे याची चौकशी तिथल्या रांगेतच होते.